एकदा लपवलेलं आणि पुन्हा उघडलेलं वायरिंग : वरळी कोळीवाड्यातल्या एका ई-सायकलचं प्रकरण

प्रभादेवीच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमनने सायकल अडवली. मागच्या क्रेटमध्ये पापलेट, कोळंबी आणि बाविसाव्या मजल्यावरच्या बाईंचे बोंबील होते. मासळीला त्याची हरकत नव्हती. कॅरिअरखाली चिकटपट्टीने गुंडाळलेलं एक काळं खोकं लटकत होतं. त्यातून लाल, पिवळ्या, निळ्या वायरी निघून सायकलच्या नळीला वेटोळे घालत हँडलपर्यंत गेल्या होत्या, आणि तिथे एक बारीक दिवा लुकलुकत होता. "ये क्या फिट किया है? बाहर लगाओ." वीस मिनिटं हुज्जत झाली. तेवढ्यात बर्फाचं पाणी झालं आणि बाईंनी बोंबील परत पाठवले.

त्याच संध्याकाळी तो पोरगा माझ्याकडे आला. वय चोवीस-पंचवीस, वडिलांची होडी आहे, हा स्वतः घरपोच मासळी देतो. म्हणाला, "काका, मोटर मस्त चालते, तिला हात लावू नका. फक्त एक पण वायर दिसायला नको."

हे त्याचं वाक्य मी शब्दशः पाळलं आणि तिथेच फसलो. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सायकल मेकॅनिक नाही. एमटीएनएलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी केली आणि २०२० च्या जानेवारीत बाकीच्यांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता चाळीच्या जिन्याखाली एक टेबल, एक मल्टिमीटर आणि येईल ती ई-सायकल. वायरींना घाबरत नाही, एवढंच माझं भांडवल. वायरी लपवून द्या म्हणणारं दुसरं एक गिऱ्हाईक असतं, त्याला मी जिन्यावरूनच परत पाठवतो. त्याला हजार वॉटची मोटर साध्या सायकलसारखी दिसायला हवी असते. नोंदणी-लायसन्सची सूट २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्यांना आहे. त्यापुढचं लपवायचं काम मी करत नाही. हा पोरगा त्यातला नव्हता.

सायकल आणि तिचा पसारा

२६ इंची चाकांची लोखंडी सायकल. मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर. पुढच्या तिरक्या नळीवर बाटलीच्या आकाराची १० अँपिअर-अवरची बॅटरी. आत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले, म्हणजे पूर्ण भरली की ४२ व्होल्ट. किट त्याने स्वतः बसवलं होतं आणि मोटर बसवण्यात काही खोट नव्हती. एक्सल फिरू नये म्हणून टॉर्क आर्मसुद्धा लावला होता, जो निम्मे लोक लावतच नाहीत.

मी वायरी मोजल्या. मोटरकडून आठ येतात, मोटरला वीज देणाऱ्या, म्हणजे फेजच्या, तीन जाड आणि मोटर फिरून कुठे आली ते सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक. हँडलवरून मोटरचा वेग वाढवायच्या थ्रॉटलच्या तीन, डिस्प्लेच्या पाच, दोन ब्रेक लिव्हरच्या मिळून चार, पेडल सेन्सरच्या तीन, दिव्याच्या दोन, बॅटरीच्या दोन. एकूण २७. सत्तावीस म्हणजे काही फार नाहीत, आम्ही एका केबलमध्ये शेकड्यांनी जोड्या सांभाळल्या आहेत. खरा पसारा उरलेल्या लांबीचा असतो. किट कुठल्याही सायकलला बसावं म्हणून प्रत्येक वायर ऐसपैस ठेवलेली असते. या छोट्या फ्रेमवर प्रत्येकीचा हात-दीड हात शिल्लक राहिला होता, आणि तो सगळा त्या टेपच्या गोळ्यात कोंबला होता.

त्याची पहिली सूचना फ्रेमला भोकं पाडायची होती. महागड्या सायकलींच्या वायरी नळीच्या आतून जातात, ते त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. मी नाही म्हटलं. त्या फ्रेम कारखान्यातच तशा बनवलेल्या असतात, भोकाभोवती धातू राखलेला असतो. आपल्या नळीला ड्रिल मारलं की तिथे ती कमजोर होते, भोकाची धार वायरीचं आवरण कातते, आणि वरळीच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडेवर पहिल्या पावसाआधीच गंज धरतो. हा एक निर्णय मात्र दोन्ही वेळा टिकला.

फेब्रुवारीतलं काम

वायरी कापायच्या नाहीत असं ठरवलं. कापल्या की सांधे आले, सांधे आले की बिघाड आले. उरलेली लांबी नागमोडी दुमडली आणि नऊच्या नऊ कनेक्टर कंट्रोलरसकट, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या त्या काळ्या खोक्यासकट, रेक्झिनच्या एका चपट्या पिशवीत घातले. ती पिशवी कॅरिअरखाली, आधी खोकं होतं तिथेच ठेवली आणि तोंड सिलिकॉनने बंद केलं. तिरक्या नळीच्या पोटाला, घरात भिंतीवर मारतो ती पीव्हीसीची कॅसिंग-कॅपिंग पट्टी, काळा स्प्रे मारून. हँडलवरच्या वायरी एका काळ्या जाळीदार स्लीव्हमध्ये एकत्र ओढून हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, लगटून बांधल्या. मोटरची केबल एक्सलमधून निघते तिथून मागच्या फोर्कला आतल्या अंगाने अकरा प्लॅस्टिकच्या केबल टायनी आवळत थेट पिशवीपर्यंत नेली.

दिसायला झकास झालं. चाळीतल्या पोरांनी मोटर कुठे आहे म्हणून विचारलं. वॉचमननेही आत सोडलं.

कॅपिंग आठवड्यात निघालं. पेव्हर ब्लॉकवरच्या दणक्यांनी ते खाली सरकलं आणि कोळीवाड्याच्या गल्लीत कुठेतरी पडलं. भिंतीला दणके बसत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याने वरून काळी टेप गुंडाळली. उन्हात टेपचा डिंक सुटला, त्यावर धूळ आणि मासळीची खवलं चिकटली. ते मी हसण्यावारी नेलं.

मग एप्रिलमध्ये सेंच्युरी बाजारजवळ मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याला चाक काढायचं, तर मोटरची केबल सोडवायला हवी. कनेक्टर शोधायला तो केबलच्या मागे मागे गेला, तर ती सीलबंद पिशवीत शिरलेली. पिशवी कशाला फाडायची म्हणून त्याने चाक फ्रेमपासून हातभर लांब करून काम भागवायचं ठरवलं आणि ब्लेडने एकेक करत अकरा टाय कापल्या. पंक्चर काढलं, टाय नव्हत्या म्हणून सुतळीने केबल बांधून दिली, चाळीस रुपये घेतले. त्या कापाकापीत ब्लेडचं टोक केबलच्या आवरणातून आत गेलं. एवढासा चिरा, नखाने दाबला तर मिटणारा. त्याला तो कळला नाही, पोराला कळला नाही, मी तर सायकल बघितलीच नव्हती. पंक्चरवाल्याला मी दोष देत नाही. कनेक्टर मीच त्याच्यापासून लपवला होता.

मे संपत आला तेव्हा वळवाची एक सर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नलला उभी असताना सायकल आपोआप पुढे सरकायला लागली. थ्रॉटलला हात नाही, पाय जमिनीवर, आणि मागून कोणी ढकलतंय अशी. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हायला हवी, ती झाली नाही. रबराने रिम धरली, मोटर पुढे रेटत राहिली, आणि तो समोरच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन आदळला. गुडघा सोलला, क्रेट उलटा झाला. नशीब की टेम्पो उभा होता.

टेबलावर

पिशवी उघडली आणि आधी वास आला. बाकीचं मागाहून दिसलं.

क्रेटमधलं थर्माकोलचं खोकं खालून गळत होतं, सगळीच गळतात. त्या बर्फाच्या पाण्यात मासळीचं पाणी, त्यात मीठ. ते थेंब थेंब कॅरिअरवरून पिशवीवर, आणि वायरींच्या अंगाने पिशवीच्या आत. सिलिकॉन वायरींना धड चिकटत नाही, त्यामुळे आत यायला बारीक फट होती. बाहेर जायला नव्हती. तळाशी दोन बोटं पाणी आणि त्यात नऊ कनेक्टर बुडालेले. साधे पांढरे कनेक्टर, घरातल्या शोभेच्या दिव्यांच्या माळेला असतात तसले.

थ्रॉटलचा कनेक्टर मी तसाच ओला ठेवून मीटर लावला. थ्रॉटल सोडलेला असताना सिग्नलच्या वायरीवर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट असायला हवेत. सव्वा व्होल्टच्या आसपास गेलं की कंट्रोलर समजतो, गडी निघाला. मला १.७ मिळाले. थ्रॉटल बिचारा ठीक होता. त्याच कनेक्टरमध्ये शेजारी पाच व्होल्टची पिन आहे, आणि खाऱ्या पाण्याने त्या पिनेपासून सिग्नलच्या पिनेपर्यंत पूल बांधला होता. कनेक्टर धुऊन, पुसून, हेअर ड्रायरने वाळवला. ०.८५.

मग भिंग घेऊन पिना पाहिल्या. पाच व्होल्टची पिन अर्धी खाल्लेली, तिच्यावर हिरवं कीट. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, तो रंग. शेजारची जमिनीची, म्हणजे ऋण पिन जवळपास नव्यासारखी. दोघी त्याच पाण्यात, तेवढेच दिवस. मला हसू आलं, कारण हे मला पाठ होतं. टेलिफोन एक्स्चेंज उणे ४८ व्होल्टवर चालतं. बॅटरीचं धन टोक जमिनीला बांधतात आणि लाइनवर ऋण दाब ठेवतात. ओलीत दोन धातूंमध्ये वीज वाहिली की धन बाजूचं तांबं झिजतं. जमिनीखालची केबल ऋण ठेवली की ती वाचते. हे मी नव्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवलं, आणि इथे पाच व्होल्टची धन पिन मिठाच्या पाण्यात बुडवून वरून सिलिकॉन मारलं.

ब्रेकचे दोन्ही कट-ऑफ, म्हणजे ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे स्विच, मेले होते, दोन वेगळ्या कारणांनी. डावा त्याच पिशवीत सडला होता. उजव्याची वायर हेड ट्यूबपाशी आतून तुटली होती. मी सगळ्या वायरी हेड ट्यूबला लगटून बांधल्या होत्या, हँडल वळवलं की त्याच एका जागी त्या मुडपायच्या. तार वाकवून वाकवून तोडतो, तसंच तीन महिन्यांत झालं. बाहेरून आवरण अखंड. या स्विचची गंमत अशी की ब्रेक दाबल्यावर तो जोडला जातो. वायर तुटली तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच नाही. बिघाड पूर्ण मुका, गरज पडेपर्यंत कळत नाही.

राहिली मोटर. ती चालताना हिसके देत होती. चाक हाताने हळू फिरवून हॉलच्या तीन सिग्नल वायरी एकेक मोजल्या. दोघींवर शून्य आणि पाच व्होल्ट आलटून पालटून येत होते, हिरवी मात्र हलेना. केबल बोटांनी चाचपत गेलो. एक्सलपासून जेमतेम वीतभर अंतरावर तो चिरा सापडला. आतली हिरवी वायर काळी पडून तुटली होती. आणि केबल मी एक्सलमधून थेट वर नेली होती, त्यामुळे वरून ओघळणारं पाणी केबलच्या अंगाने चिऱ्यात आणि तिथून एक्सलच्या भोकाकडे जात होतं.

पोरगा गप्प बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे दिसत होतं तेव्हा बरं होतं का, काका?"

हो म्हणावं लागलं.

जून आणि जुलै

पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली. होड्या वर ओढलेल्या, घरात सुके बोंबील आणि जवळा. त्याला सायकलची घाई नव्हती, त्यामुळे यावेळी घिसाडघाई करायची गरज नव्हती. सगळं उतरवून सायकल नागडी केली आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानामागे तिचं चित्र काढलं. चित्रात वायरी काढण्याआधी पाणी काढलं. कुठून पडतं, कुठे ओघळतं, चाकाने कुठे उडतं. मग ज्या जागा कोरड्या उरल्या, त्या वायरींना दिल्या.

कंट्रोलर कॅरिअरखालून हलवून फ्रेमच्या त्रिकोणात, सीटच्या नळीला पुढून लावला. वायरी निघतात ती बाजू खाली. त्याच्यावर काळ्या जेरीकॅनचा कापलेला पत्रा टोपीसारखा बसवला, वरून आणि बाजूंनी झाकलेला, खालून सताड उघडा. कंट्रोलरला हवाही लागते. पूर्ण जोरात तो ३६ व्होल्टवर १५ अँपिअर ओढतो, म्हणजे ५४० वॉट. त्यातले पाच टक्के जरी उष्णतेत गेले तरी आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. रेक्झिनच्या पिशवीत तो इतके दिवस कसा जगला कोण जाणे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो एकाचे चार होणाऱ्या हार्नेसने, म्हणजे वायरींच्या तयार जुडग्याने. कंट्रोलरपासून हँडलपर्यंत पेन्सिलीएवढी एकच केबल जाते आणि हँडलपाशी तिला चार फाटे फुटतात : डिस्प्ले, थ्रॉटल, दोन ब्रेक. प्रत्येक टोकाला रबरी कडेचा गोल कनेक्टर, त्यावर बाण. बाणाला बाण लावून सरळ दाबायचा. पीळ दिला की आतली पिन वाकलीच. त्यासाठी कंट्रोलरही तसल्या कनेक्टरांचा घ्यावा लागला. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या घरात गेले. पहिल्या वेळी मी हा खर्च वाचवला होता. निम्मी किंमत मी घातली, पोरगा नको म्हणत होता तरी.

आता ती पेन्सिलीएवढी केबल न्यायची कुठून? वरच्या आडव्या नळीच्या पोटाला मागच्या ब्रेकची केबल आधीपासून होतीच. तिला लागून नवी केबल नेली. तीही काळी, हीही काळी. सायकलला ब्रेकची केबल असतेच, त्यामुळे तिथे कोणाची नजर थांबत नाही. पट्टी नाही, रंग नाही, स्लीव्ह नाही, आणि तरी दोन पावलांवरून दिसत नाही. ही युक्ती मला फेब्रुवारीत सुचायला हवी होती.

लांबी मोजायला टेप वापरली नाही. सुतळी घेतली, केबल जिथून जाणार त्या वाटेने लावली, आणि हँडल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवलं. सुतळी कुठेही ताणली नाही तिथे खूण, आणि वर तीन बोटं. हेड ट्यूबपुढे केबलचा एक सैल झोळ राहिला. तो दिसतो. दिसू दे. मुडपण एका बिंदूवर न येता त्या सगळ्या झोळात वाटली जाते.

पेडल सेन्सर आणि दिव्याच्या वायरी मात्र कापाव्या लागल्या, जादा लांबी ठेवायला जागाच नव्हती. सोल्डर केलं नाही. सोल्डर वायरीच्या आत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि दणक्यांनी नेमका त्याच्या कडेला तुटतो. पितळी नळी चेपून सांधे केले. तीन वायरींचे तीन सांधे एका रेषेत न घेता प्रत्येकी दोन बोटं पुढे-मागे. एक तर जुडगा फुगत नाही, आणि उद्या आवरण गेलंच तर सांध्याला सांधा लागत नाही. वर आतून डिंक असलेली, तापवली की आकसणारी श्रिंक स्लीव्ह.

मोटरच्या केबलचा चिरा तसा बुजवता येईना. स्लीव्ह घालायची तर एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला मोठा कनेक्टर. आतली हिरवी वायर जोडली आणि बाहेरून स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून ताणून गुंडाळली. आमचे केबल जॉइंटर खड्ड्यात बसून हीच टेप मारायचे. ती एकजीव होते, उकलत नाही. हॉल सेन्सर वाचला होता, हे नशीब. नाहीतर मोटर उघडावी लागली असती.

एक्सलमधून निघाल्यावर केबल आधी खाली झुकवली आणि मग फोर्कवर चढवली. पाणी ओघळत आलं तर त्या झुकावाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, एक्सलपर्यंत चढत नाही. आणि मोटरचा कनेक्टर फोर्कवरच, एक्सलपासून वीतभर अंतरावर, आतल्या अंगाला ठेवला. उभ्या माणसाला दिसत नाही. चाक काढायला उकिडव्या बसलेल्या माणसाच्या बरोबर नाकासमोर येतो. कनेक्टरच्या दोन्ही टोकांवर घरातून मागून आणलेल्या लाल नेलपॉलिशची एकेक रेघ, कसा जुळवायचा ते कळावं म्हणून.

दोरा

बांधायला मी टायचं पाकीट काढलं तेव्हा पोराचे वडील आले होते. आमच्या दोघांची ती पहिलीच भेट. मी "या नाखवा" म्हटलं, त्यांनी स्टूल ओढलं आणि बराच वेळ काही न बोलता पाहिलं. मी एक टाय खेचली. प्लॅस्टिकची कड केबलच्या आवरणात रुतली. मी शेपूट कापलं.

"भाऊ, ही कशाला?" त्यांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "पायाला लागेल कोणाच्या. आणि वायर कापतेय ती."

खिशातून जाळं शिवायचा काळा नायलॉन दोरा काढला. मोटरची केबल फोर्कला लावून धरायला मला सांगितलं. दोरा भोवती दोनदा फिरवला, त्याच्याच वेढ्याखालून टोक घेतलं, ओढलं, आणि दोरा न तोडता चार बोटं पुढे जाऊन पुन्हा तेच. प्रत्येक वेढा स्वतःचा स्वतः आवळून बसत होता. जिथे केबल वळत होती तिथे अंतर दोन बोटांवर आणलं. शेवटी एक गाठ, तिच्या टोकाला काडी पेटवून जाळली. सगळा मागचा फोर्क चार-पाच मिनिटांत.

"एक तुटली तरी बाकीच्या बसून राहतात," ते म्हणाले. "जाळं असंच असतं ना."

मी नोकरीला लागलो तेव्हा एक्स्चेंजमधले वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने असेच बांधलेले होते. हीच गाठ. आमचे सीनियर ती बोटांनी चाचपून बघायचे आणि जास्त आवळली असेल तर सोडायला लावायचे. पुढे टायची पाकिटं आली, काम झटपट व्हायला लागलं, आणि ती गाठ माझ्या हातातून गेली. मी टायचं पाकीट टेबलाखाली सरकवलं. बाकीची सायकल नाखव्यांनीच बांधली. मी फक्त कुठे बांधायचं ते दाखवत होतो, आणि दोनदा त्यांनी मला जागा बदलायला लावली. एकदा पेडल मारताना केबल टाचेला लागली असती म्हणून, दुसऱ्यांदा कारण सांगितलं नाही.

तपासणीसाठी त्यांनीच बादलीभर समुद्राचं पाणी मागवलं. सायकल उलटी न करता स्टँडवर लावली, बॅटरी चालू, आणि कॅरिअरवर क्रेट ठेवून त्यावर मगाने पाणी ओतत राहिलो. पोरगा थ्रॉटल सोडून उभा, मी मीटर धरून. ०.८५ होते, ०.८५ राहिले. मग थ्रॉटल देऊन ब्रेक दाबला, मोटर थांबली. डावा वेगळा, उजवा वेगळा, पंधरा-वीस वेळा. मग नळाच्या पाण्याने सगळं धुऊन काढलं.

पंक्चरवाल्याची परीक्षा मी वेगळी घेतली. खालच्या गॅरेजमधल्या पोऱ्याला बोलावलं, ज्याने ही सायकल कधी पाहिली नव्हती, आणि काही न सांगता म्हटलं, मागचं चाक काढ. तो खाली बसला, लाल रेघ बघितली, कनेक्टर ओढला, दोऱ्याला हात न लावता नट सोडले. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण त्याचा चहा गार व्हायच्या आत चाक जमिनीवर होतं.

मागच्या दिव्याची वायर अजून दोन बोटं उघडी दिसते. मला खटकते, त्याला खटकत नाही. सोडून दिली.

नारळी पौर्णिमेनंतर

होड्या गेल्या, ताजी मासळी आली, सायकल पुन्हा प्रभादेवीच्या टॉवरला जायला लागली. पहिल्या दिवशी वॉचमनने तिच्याकडे पाहिलंही नाही. वायरिंगबद्दल आजतागायत त्याने काही विचारलेलं नाही.

क्रेटचं पाणी कॅरिअरवर पडू नये म्हणून थर्माकोलच्या खोक्याच्या कोपऱ्याला आम्ही एक बारीक पारदर्शक नळी लावली होती, माशांच्या टाकीला असते तसली. ती मागच्या फोर्कच्या बाहेरून खाली सोडली, म्हणजे खारं पाणी चाकाच्या बाजूला थेट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी वॉचमनने पोराला थांबवलं आणि लॉबीच्या पांढऱ्या लादीकडे बोट दाखवलं. गेटपासून लिफ्टपर्यंत थेंबांची रेघ होती.

पोराने वडिलांकडून एक सुटी गाठ शिकून घेतली आहे. टॉवरच्या गेटवर उतरला की नळीला दोऱ्याचा एक वेढा टाकून ती आवळतो, बाहेर आला की टोक ओढून सोडतो.